बाहेर बोलायचं काम

वर्ध्यातल्या एका खासगी इस्पितळात अच्युत आणि लीना दोघेही सर्जन. एकाच बॅचचे, पगारही सुरुवातीला सारखाच. ऑपरेशन दोघांनाही उत्तम येई. अच्युतला फक्त नातेवाइकांशी बोलणं येत नसे. पेशंटचं काही बिनसलं, की तो मास्कआडून म्हणे, “लीना, तू सांग ना बाहेर. तुला जमतं.” बायकांना हे उपजतच जमतं, असं तिथल्या सगळ्या पुरुषांचं मत होतं. आणि उपजत गोष्टीचे पैसे कोण देतं?

ती बाहेर समजावत बसे, तोवर हा आत पुढचं ऑपरेशन उरकी. विभागप्रमुख नेमायची वेळ आली, तेव्हा अध्यक्ष बबनरावांनी ऑपरेशनं मोजली. अच्युत निवडला गेला.

त्याचा आनंद चहा निवेपर्यंत टिकला. मग वाटलं, लीनाला हे कुणीतरी नीट सांगायला हवं. पण असल्या कामाला तो आजवर लीनालाच पाठवत आला होता.

शेवटी स्वतःच तिच्या खोलीत गेला. खुर्चीच्या काठावर बसून त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीफ केली.

“पोस्ट तुला मिळाली ना?” लीनानं विचारलं.

“म्हणजे... हो.”

“आधी पाणी घे.”

मग तिनंच त्याला समजावलं. तुझा काय दोष, त्यांचे नियमच तसे. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं फार वाईट वाटलं.

“मी बबनरावांना सांगतो,” तो उठला. “त्यातली कितीतरी ऑपरेशनं तुझ्या वाट्याची होती. पोस्ट तुझी आहे.”

“खरंच सांगशील?” तिनं आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं.

वाक्य त्यानं जिन्यात पाठ केलं.

“या, विभागप्रमुख,” बबनराव म्हणाले. “पेढा घ्या. बोला, काय म्हणता?”

“थँक यू, सर,” अच्युत म्हणाला.

खाली आला, तर लीना बाकावर देवळीच्या महादेवरावांशी बोलत होती. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन सकाळी अच्युतनंच केलेलं.

“तुमी सांगतलं का जीव थाऱ्यावर येते, म्याडम. ते मोठे डॉक्टर काऊन नाई बोलत?”

“त्यांना आत काम असतं, काका.”

तिनं वर पाहिलं.

“साहेब जरा बिझी होते,” अच्युत म्हणाला.

सरकून तिनं त्याला बाकावर जागा करून दिली. महादेवरावांनी हा चेहरा कधी पाहिलेला नव्हता. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“घाबरू नका भाऊ. म्याडम बराबर समजावून सांगते.”