इसिकेलीचे काळे बूट

दर शनिवारी सकाळी वुनिवासा गावच्या पत्र्याच्या सभागृहाबाहेर चपलांचा ढीग पडायचा. रबरी चपला, शाळेच्या सँडल, आणि मधेच कुणाची तरी एकटीच सपाता, कारण जोडीच्या सपातेचा पाय इस्पितळात कापला गेलेला. आत दोनशे माणसं ओल्या चटयांवर अनवाणी बसायची. चटयांवर समुद्राचं पाणी शिंपडलेलं असायचं. स्तोत्रांनी पत्रा थरथरायचा. समोर टेबल, टेबलावर पांढरं कापड, आणि कापडाखाली ती पेटी.

प्रार्थना चालवणारा इसिकेली कापड ओढायचा. चंदेरी धातूची, पन्हाळ्या असलेली पेटी. कोपऱ्यात निळा दिवा. एकेक जण पुढे यायचा, पेटीवर हात ठेवायचा आणि त्याचा चेहराच बदलायचा. बोटांतून मनगटात, मनगटातून कोपरात झिणझिण्या. खाली पोटऱ्यांतही झिणझिण्या. बायका रडायच्या. वर्षानुवर्षं पायांत काहीच न जाणवणारी माणसं म्हणायची, जाणवलं.

"ही साखर जळतेय," इसिकेली सांगायचा. त्याचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा. "डॉक्टरच्या गोळ्या साखरेला झोपवतात. ही पेटी तिला जाळते. घरात शिरलेला चोर झोपलेला बरा, की मेलेला? आणि वीज म्हणाल तर हिला वीज लागत नाही. हिला तुमचा विश्वास लागतो."

ज्याला काही जाणवलं नाही त्याला तो प्रेमाने विचारायचा, "घरी अजून गोळ्या ठेवल्या आहेस ना, बाळ?" बाळ पासष्ट वर्षांचा असायचा. तो घरी जाऊन गोळ्या खाडीत फेकायचा.

ती पेटी देवदूतांनी दिली, असं इसिकेली सांगायचा. ती मी दिली होती.

मी पेनी. लौतोकाच्या रस्त्याला माझं भंगाराचं आवार आहे. जपानात वापरून झालेल्या विजेच्या गाड्या आमच्या बेटावर येतात आणि इथे खड्ड्यांत, नाहीतर उसाच्या ट्रकांखाली मरतात. मी त्यांची आतडी काढतो. त्यांच्या बॅटऱ्यांवर दूरच्या बेटांवरची घरं उजळतात आणि त्याच गाड्यांचे चार्जर त्या बॅटऱ्या भरतात. माझी शाळा नववीत सुटली. वायरिंग मी फाटक्या पुस्तकांतून आणि दोन सणसणीत झटक्यांतून शिकलो. गाडीतून काढलेला चार्जर मुका होऊन बसतो, गाडीच्या हुकमाची वाट बघत. 'गाडी आहे, चालू हो' असं त्याला खोटं सांगणारी छोटी पट्टी मी बनवतो. म्हणजे खोटं मीही सांगतो. पण यंत्राला.

इसिकेली माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. एके दिवशी यांगोनाची, म्हणजे आमच्या मानाच्या पेयाची, जाडजूड मुळी घेऊन तो आवारात आला, ती गिऱ्हाइकांसमोर माझ्यापुढे ठेवली आणि चार्जर मागितला. आमच्यात याला केरेकेरे म्हणतात. नात्यातल्या माणसानं चारचौघांत, मुळी ठेवून वस्तू मागितली की नाही म्हणायचं नसतं. जो म्हणतो त्याच्या दारात उद्या कुणी उभं राहत नाही. मी दिला. पिवळी-हिरवी वायर पेटीच्या बोल्टला घट्ट आवळून दिली आणि तीनदा बजावलं, काका, ही काढायची नाही. का, तेही समजावलं.

माझं सगळ्यात मोठं चुकलं ते इथे. का, ते त्याला नीट समजलं.

माकेरेता मावशीनं मला वाढवलं. तिला साखरेचा आजार, पाय बधिर. पहिल्याच शनिवारी ती पेटीपाशी गेली. ही नुसती वीज आहे, असं मी सांगायला गेलो तर म्हणाली, "पेनी, चार वर्षं हे पाय माझे नव्हते. मेलेल्या पायात जीव आलेला मला कळला, आणि तू मला वायरी सांगतोस?" तिनं सुया बंद केल्या. उजव्या अंगठ्याला जखम झाली, ती तिला कळलीच नाही. काळं वर चढत गेलं आणि पावसाळा संपायच्या आत तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

मला वाटलं, आता तरी तिचे डोळे उघडतील. इसिकेली तिच्या खाटेपाशी बसून म्हणाला, "मनात कुठेतरी तुझी एक गोळी शिल्लक होती, माकेरेता." आणि तिनं मान हलवली. महिन्याभरात डाव्या टाचेला फोड आला. नर्सबाई म्हणाली, आठवडाभरात सुया आणि मलमपट्टी सुरू झाली तर हा पाय राहील. मावशी म्हणाली, शनिवारी पेटीपाशी नेऊन सोड मला.

मी संत नाही. त्या रात्री मी काय काय योजलं ते लिहिलं तर हा कागद पेटेल. सभागृहात ओरडून काही होणार नव्हतं; एकदा ओरडलो होतो, तेव्हा आपल्याच लोकांनी मला उचलून बाहेर ठेवलं होतं. मग मला एक गोष्ट आठवली, जी सगळ्यांनी बघितली होती आणि कुणालाच दिसली नव्हती. त्या दोनशे अनवाणी माणसांत एकट्या इसिकेलीच्याच पायांत पादत्राण असायचं. काळे बूट, तीन बोटं जाड रबरी तळाचे. तो म्हणायचा, देवाचा निरोप आणणाऱ्याला मुभा असते.

शनिवारी मी मावशीला चाकाच्या खुर्चीतून आत नेलं. चपला दारात काढल्या. स्तोत्र संपल्यावर मी गुडघ्यांवर पुढे सरकलो, यांगोनाची मुळी इसिकेलीपुढे ठेवली आणि रीतीप्रमाणे ओंजळीच्या तीन टाळ्या वाजवल्या.

"काका, केरेकेरे," मी म्हणालो. "तुमचे बूट द्या."

तो हसला. जुने बूट रे ते, म्हणाला, उद्या घरी पाठवतो.

गावातले सर्वांत वयस्कर, लाईसेनिया आजोबा, खांबाला टेकून बसले होते. त्यांनी नुसतं विचारलं, "केरेकेरे उद्यावर कधीपासून जायला लागलं?"

कुणीतरी हसलं. इसिकेलीनं इकडेतिकडे पाहिलं. दोनशे माणसांच्या नजरेसमोर तो नाही म्हणू शकला असता तर मीही वर्षापूर्वी म्हणालो असतो. तो खाली वाकला. नाडी सोडायला त्याला जितका वेळ लागला, त्या वेळाइतकी मजा मी आयुष्यात कशाचीच घेतली नाही. बूट निघाले, मोजे निघाले. पांढरे, मऊ, धडधाकट पाय ओल्या चटईवर टेकले.

"आता माझ्यासाठी प्रार्थना कर, इसिकेली," मावशी म्हणाली. तिला मी काहीच शिकवलं नव्हतं. "एक हात पेटीवर ठेव, एक माझ्या डोक्यावर."

तो मागे सरकला. घसा बसलाय म्हणाला. मग हळूच बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून बसू लागला, पाय वर घेऊन. आजोबा म्हणाले, उतर. तो उतरला. पेटीकडे त्यानं एक बोट नेलं, सापाला हात लावावा तसं, आणि टेकवलं. हात मागे आला तो त्याच्याच नाकावर आदळला. त्याच्या तोंडून देवाचं नाव निघालं नाही. उसाच्या ट्रकवाल्यांची एक शिवी निघाली, जी मी लहानपणी त्याच्याकडूनच शिकलो होतो.

"साखर जळली का, काका?" मी विचारलं.

मग मी चटई उचलली. खालून काळी केबल निघाली, भिंतीतल्या भोकातून मागच्या दुकानाच्या प्लगपर्यंत गेलेली. विश्वासावर चालणाऱ्या पेटीला दुकानदाराची वीज जात होती. टेस्टर पेटीला टेकवला, त्याचा दिवा लाल झाला. बोल्टपाशी पिवळ्या-हिरव्या वायरीचा बोटभर तुकडा उरला होता, पक्कडीनं साफ कापलेला.

मी लोकांना सांगितलं ते इथेही सांगतो. अशा चार्जरच्या आत काही छोटे भाग असतात. विजेतली घाण, म्हणजे खरखर, ते पेटीच्या पत्र्याकडे ढकलतात. तिच्याबरोबर थोडी वीजही पत्र्यावर येते. पिवळी-हिरवी वायर ती जमिनीत नेऊन सोडते, आणि कुणाला काही कळत नाही. वायर कापली की ती पत्र्यावर वाट बघत राहते. मग अनवाणी, खाऱ्या पाण्यात पाय ठेवून तुम्ही पेटीला हात लावता आणि ती तुमच्यातून जमिनीत जाते. पायाखाली जाड रबर असलं, तर तिची वाटच अडते. इतके शनिवार ती कापलेली वायर तुम्ही होतात. आतला एखादा भाग सडला असता, तर झिणझिण्यांऐवजी प्रेत मिळालं असतं.

खिडकीबाहेर ओल्या मातीत मी तांब्याची कांब ठोकली, नवी वायर बोल्टला आवळली. टेस्टरचा दिवा लागेना. "आता लावा हात," मी म्हणालो. आधी माझा लावला. मग आजोबांनी लावला. मग मावशीनं खुर्ची पुढे ढकलली, डावा पाय ओल्या चटईवर टेकवला आणि हाताचा पंजा पेटीवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"पत्रा आहे," ती म्हणाली. "नुसता गार पत्रा." आणि तिनं आपल्या कापलेल्या पायाकडे पाहिलं. इसिकेलीकडे मात्र पाहिलं नाही. तो तेवढ्यात मागच्या दारानं निघाला होता, अनवाणी, बाहेरच्या खडीवरून, एकेक पाय उचलत. त्याला कुणी मारलं नाही. मला मारायचं होतं, हे मी कबूल करतो. पण खडी चांगली टोकदार होती.

मावशीला मी तिथूनच नर्सबाईकडे नेलं. डावा पाय राहिला. पेटी आता दवाखान्यातल्या औषधांच्या फ्रिजची बॅटरी भरते, तीन वायरींनिशी, पिवळी-हिरवीही धरून.

तुम्ही माझं ऐकू नका. मी भंगारवाला आहे. पण कुणी तुम्हाला चमत्काराला हात लावायला बोलावलं, तर आधी त्यालाच तुमच्यासारखं, तुमच्याच जागी उभं राहून लावायला सांगा. औषध फेकायला सांगितलं, तर त्याचं स्वतःचं औषध कुठे ठेवलंय ते विचारा. नम्रपणे विचारा, चारचौघांत विचारा, आणि उत्तर उद्यावर जाऊ देऊ नका. खरं असेल त्याला विचारल्यानं काही होत नाही.

बधिर पायानं अनवाणी चालायचं नाही, असं नर्सबाईनं मावशीला बजावलंय. म्हणून इसिकेलीचा डावा बूट, आत मऊ कापड घालून, आता मावशीच्या पायात असतो. ती सभागृहात तो न काढता शिरते आणि कुणी काही बोलत नाही. उजवा माझ्या आवारात खिळ्याला टांगलाय. काकाला हवा असेल तर त्यानं मुळी घेऊन यावं आणि सगळ्यांसमोर मागावा. रीतीप्रमाणे मला नाही म्हणता येणार नाही. दोन वर्षं झाली, तो आलेला नाही.