बांधलेली चाकं

“आधी हात फिरव, भुई बघ, मग रेघ ओढ. भेग असली की रेघ तिथंच फुटती.”

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण चातुर्मासात पहाटे गोपद्मं काढायला बसले की त्यांचं हे बोलणं रोज कानात येतं. गाईची पावलं काढायची, हळदीकुंकू वाहायचं, मगच चहा. रांगोळी वस्त्रगाळ करून घ्यायची, ही शिस्तही त्यांचीच. याच रांगोळीनं एकदा माझ्या दिरांच्या मोटारीचा रोग भर देवळापुढं सांगितला.

दीर म्हणजे मोहनराव. गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि गेल्या वर्षी घेतलेल्या पांढऱ्या मोटारीनं ते आणखी वाढलं. मोटारीपेक्षा तिच्या चाकांचं कौतुक जास्त. चकचकीत, चांदीच्या ताटासारखी अलॉयची चाकं. त्यात मोहनराव भांग पाडून घेत, असं लोक म्हणत. मी पाहिलेलं नाही.

आमच्याकडे नव्या घराला बंधन घालतात. चार कोपऱ्यांत चार खिळे ठोकले की आत काही वाईट शिरत नाही, असा समज. बंकटबाबांनी हेच बंधन घरातून काढून गाडीला लावलं. गाडीचे कोपरे म्हणजे चाकं, आणि चाकाला मंतरलेला तांब्याचा खिळा. मारुतीच्या देवळापुढं दर शनिवारी गाड्यांची रांग लागायची. मोहनरावांच्या गाडीच्या वेळी तर जत्रेसारखी गर्दी होती.

बाबांनी चाकावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मान हलवली.

“ही चाकं लांबच्या मुलखातली हायत. आपला देव ह्यांना वळखत न्हाई. वळख करून द्यावी लागंल.”

गर्दीनं माना डोलावल्या. मला मनात आलं, मारुतीरायाला ओळख करून द्यायला मधला माणूस लागतो, हे नवीनच ऐकते.

मग बाबांनी भगवं उपरणं चाकावर पसरलं आणि त्याखाली डोकं घातलं. त्यांचा शिष्य पंडित जिवाच्या आकांतानं टाळ कुटायला लागला. त्या गजरातून उपरण्याखालून एक आवाज यायचा, भूंऽऽ, भूंऽऽ. हा भुंग्याचा मंत्र. तो शिकायला बाबा बारा वर्षं एका गुहेत होते म्हणे. उपरणं दूर झालं की चाकाच्या दांडीवर कुंकवाचा ठिपका दिसे. बाबा त्या ठिपक्यावर खिळा टेकवत आणि नुसत्या अंगठ्यानं आत सारत. धातूत खिळा, हातोडी नाही, घाम नाही. बायका कानशिलावर बोटं मोडत. “हातोड्यानं गेला तो सुताराचा खिळा,” बाबा म्हणत, “अंगठ्यानं गेला तो देवाचा.” चारही चाकं अशी बांधून झाली.

त्यानंतर पावसाळा गेला आणि सीताफळं आली. एका सकाळी मोहनराव मांजरसुंब्याकडे निघाले आणि दुपारी परत येताना आमच्या फाट्यावरच्या गतिरोधकावर पुढचं डावं चाक दांडीतून तुटलं. वेग कमी होता म्हणून बरं. गाडी गुडघा टेकवल्यासारखी खाली बसली ती नेमकी रस्त्याकडेला बसणाऱ्या छबुबाईच्या सीताफळांच्या पाटीवर. लागलं कुणालाच नाही. मोहनराव उतरताना त्यातच घसरले, आणि फुटलेल्या फळांचा सगळा गर आणि बिया त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

मग दोष कुणाचा, याची ओढाताण सुरू झाली. गाडी विकणारा म्हणाला, गतिरोधकापुढच्या खड्ड्याचा. रस्त्याचा ठेकेदार म्हणाला, खड्डाच या गाडीनं पाडला. विम्याचा माणूस आला, फोटो काढले, आणि चाकावरचं कुंकू जरा पुसा म्हणाला. मोहनरावांनी त्याला चहासुद्धा न पाजता वाटेला लावलं. बांधलेल्या खिळ्याला हात लावायचा नाही, असं बाबांनी बजावलं होतं.

बाबांना मात्र दोषी लगेच सापडला. त्या दिवशी सकाळी छबुबाई हंगामाची पहिली पाटी घेऊन फाट्यावर बसली होती. गाडी जाताना ती मोहनरावांना म्हणाली होती, “दादा, चाकं लई झ्याक हायत.” बाबांना एवढं पुरलं. बाईची नजर वाईट, तिनंच करणी केली. खिळ्यानं घाव अंगावर घेतला म्हणून मोहनराव वाचले. आता येत्या शनिवारी बाईनं मारुतीपुढं तुटक्या चाकावर हात ठेवून गुन्हा कबूल करायचा, आणि फाट्यावर पुन्हा पाटी लावायची नाही.

छबुबाई दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. सीताफळाचे हे थोडे दिवस तेवढा तिचा स्वतःचा धंदा. ती माझ्या पायरीवर येऊन बसली. रडली नाही, नुसती पदराचा काठ ओढत राहिली.

“काकू, मी निस्तं चांगलं म्हनले. मी कावून कबूल करू? एकदा का करणीवाली म्हनले, तर तोडीवर बी आमच्या कोपीशेजारी कुनी आपलं खोपटं घालनार न्हाई.”

मी तिला गूळपाणी दिलं आणि दिपालीला फोन लावला. दिपाली मोहनरावांचीच मुलगी, बीडला शाळेत विज्ञान शिकवते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मोठीआई, तुटलेला तुकडा जपून ठेवलाय ना?” तुकडा देवळातच होता. लोक त्याला फुलं वाहत होते.

शनिवारी दिपाली सकाळीच बीडहून आली. देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. तुटक्या चाकाच्या जागी स्टेपनी लावलेली गाडी मधोमध उभी. एका बाजूला बाबा आणि टाळ घेतलेला पंडित, दुसऱ्या बाजूला छबुबाई एकटी. मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले, तेव्हा मोहनरावांच्या कपाळाला आठी पडली.

“वहिनी, तुमी ह्यात कशाला? नजर न्हाई तर काय हाय? दुसरं कारण दाखवा मला. दाखवलं तर हिची पाटी माझ्या डोक्यावर घेऊन फाट्यावर नेऊन ठेवतो. गावादेखत, पायी.”

गाव हसलं. कुणीतरी मागून विचारलं, दादा, चुंबळ कुणाची देऊ? मोहनरावही हसले. तोवर दिपालीनं तुटका तुकडा उचलून वडिलांपुढं धरला होता.

“इकडं या. तुटलेली बाजू बघा.”

बाजू दोन रंगांची होती. बाहेरचा भाग ताज्या साखरेसारखा दाणेदार, चकाकणारा. खिळ्याभोवतीचा भाग मात्र गुळगुळीत, काळपट, मळ बसलेला, आणि त्यावर लाटांसारख्या बारीक रेघा. दिपालीनं सावकाश समजावलं. भेग खिळ्याच्या भोकापासून निघाली. चाक फिरलं, आदळलं, की थोडी पुढं सरकली. असं कित्येक आठवडे. मळ त्यात तेव्हाच गेला. गतिरोधकावर तुटला तो फक्त उरलेला, चकाकणारा भाग.

“छबुबाईनं चाकाला चांगलं म्हटलं त्या दिवशी सकाळी,” ती म्हणाली. “मग हा एवढा जुना मळ कुणाच्या नजरेचा?”

बंकटबाबा म्हणाले, पोरीबाळींना यातलं काही कळत नाही.

दिपालीनं वाद घातला नाही. तिनं काळं ऑइल डिझेलमध्ये पातळ केलं, उरलेल्या तीन बांधलेल्या चाकांना खिळ्याभोवती आणि स्टेपनीलाही त्याच जागी लावलं. लोकांना मी एक आरती म्हणायला लावली. आरती संपल्यावर तिनं सगळं कोरडं पुसलं आणि माझ्याकडं हात केला. मी रांगोळीचा डबा दिला. चाकांवर पांढरी वस्त्रगाळ रांगोळी बसली आणि सगळे वाट बघत राहिले.

आधी मागच्या चाकावर, मग त्याच्या जोडीच्या चाकावर, खिळ्यापासून एक बारीक काळी रेघ पांढऱ्यातून वर आली. भेगेत शिरलेलं तेल रांगोळीनं ओढून घेतलं होतं. गर्दीतल्या ताराबाईंनी हात जोडले. बाबांनी संधी साधली आणि तिथं त्रिशूळ उमटल्याचं जाहीर केलं.

“मग हा त्रिशूळ अजून महिनाभर चालवा गाडीत,” दिपाली म्हणाली. तिसऱ्या चाकावर रेघ नव्हती. त्याची वेळ यायची होती, इतकंच. आणि स्टेपनी कोरी. तिला खिळाच नव्हता, कारण बाबांच्या हिशोबात गाडीला पाचवा कोपरा नव्हता.

“छबुमावशी, आता ह्या स्टेपनीकडं बघा, आणि जेवढं कौतुक येतं तेवढं करा.”

छबुबाईनं आधी माझ्याकडं पाहिलं. मग पदर खोचून चाकापुढं बसली. “लई देखणं चाक हाय गं. असं चाक साऱ्या जिल्ह्यात न्हाई. नवरदेवावानी दिसतंय.” चाक तसंच. तिला हुरूप आला. “माझ्या मालकाला बी मी इतकं कधी चांगलं म्हनले न्हाई.” तिच्या नवऱ्यासकट सगळं देऊळ हसलं. चाकाला ओरखडासुद्धा पडला नाही.

खिळा अंगठ्यानं कसा गेला, एवढंच उरलं होतं. मी बाबांना हात जोडले.

“महाराज, मी रोज पोथी वाचणारी बाई. तुमचा भुंग्याचा मंत्र मला टाळांशिवाय, निवांत ऐकायचाय. उपरणंही नको. स्टेपनीला एक खिळा बांधा.”

बाबा म्हणाले, आज योग नाही. ते उठले, घाईनं झोळी काखेत मारली, आणि काखेतून आवाज आला. भूंऽऽ.

पंडितानं सवयीनं टाळ कुटायला सुरुवात केली, पण फार उशीर झाला होता. मोहनरावांनी झोळीत हात घातला आणि चार्जिंगचं ड्रिल मशीन बाहेर काढलं. त्याच्या टोकाला चांदीसारखा कीस अजून चिकटलेला. दिपालीनं पकडीनं एक खिळा ओढला. तो सहज आला. आत गोल, सरळ भोक, आणि तळाशी कुंकू कालवलेलं मेण. उपरण्याखाली भोक पाडायचं, मेणानं बुजवायचं, आणि लोकांसमोर अंगठ्यानं खिळा मेणात दाबायचा, एवढीच बारा वर्षांची तपश्चर्या.

“म्हंजे ह्याला जबाबदार कोन?” मोहनरावांनी हळूच विचारलं.

“ज्यानं भोक पाडलं तो,” दिपाली म्हणाली, “आणि ज्यानं कौतुकानं पाडून घेतलं तो. आता विकणारा हात वर करणार, विमेवालाही करणार, आणि त्यांचं चूक नाही. छबुमावशी मात्र कुठंच नाहीत.”

यानंतर देवळापुढं जी धावपळ उडाली ती बघण्यासारखी होती. जो तो आपापल्या गाडीपाशी. तेवढ्यात बाबा आणि पंडित मागच्या वाटेनं निघाले, पण दिपालीचा फोन आधीच गेला होता. फाट्यावर त्यांना एस.टी. मिळण्याआधी पोलीस मिळाले.

मला बरेच जण विचारतात, तुम्ही इतकी व्रतं करता आणि असल्या कामात कशा? मी सांगते, म्हणूनच. देवाला हात जोडायला मला कुणाचं उपरणं लागत नाही, आणि ज्याचं काम झाकल्याशिवाय होत नाही त्यात देव नसतो. तुमच्यापुढं कुणी चमत्कार केला तर एवढंच मागा, पडदा काढा, टाळ थांबवा, परत करून दाखवा. आणि कुणा बाईच्या नजरेवर बोट ठेवण्याआधी तुटलेला तुकडा हातात घेऊन बघा. भेग कुठून निघाली, ते त्यावरच असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंगणात हात फिरवून भुई बघितली आणि पावलं काढायला बसले. छबुबाईच्या नवऱ्यानं भरलेली पाटी रात्रीच आमच्या ओट्यावर आणून ठेवली होती.

शेजारचं दार वाजलं. मोहनराव बाहेर आले. अंगात सदरा साधाच होता. त्यांनी खांद्यावरच्या पंच्याची चुंबळ केली, ती सुटली, परत केली. मी मान वर केली नाही. त्यांनी पाटी उचलून डोक्यावर घेतली, माझ्या गोपद्मांना वळसा घातला आणि फाट्याच्या वाटेला लागले.