सिस्टरच्या गाण्यातलं झाड

प्रेमिलानं दोन पातळं पिशवीत कोंबली आणि वर ठेवलेली वही पुन्हा बाहेर काढली. निबंधाचा शेवट काही केल्या जमत नव्हता. चार वाजता बाबा, म्हणजे मनोहरराव, तिला काटोलच्या बागेत न्यायला येणार होते. परीक्षेआधी चार दिवस हवापालट, म्हणाले होते. एरवी सरळ तोंडानं न बोलणाऱ्या माणसाचं प्रेम असं एकाएकी उतू चाललेलं पाहून तिला नवलच वाटलं होतं.

आई, रुखमाबाई, उंबऱ्यापाशी बसून तीळ निवडत होती.

"काय लिहून राहिली वं एवढं?"

"आमच्या सिस्टर आयर्लंडच्या ना, त्यायनं तिकडचं जुनं गाणं शिकवलं. त्याचा अर्थ लिहाचा हाये."

"सांग मले."

प्रेमिलानं सांगितलं. एका पोरीचा परक्या कुळातल्या मुलावर जीव जडतो. भाऊ तिला जत्रेला नेतो आणि एकटाच परततो. ती जहाजात बसून दूरदेशी गेली, असं घरी सांगतो. पुढे नदीकाठी एक काटेरी झाड उगवतं, ऐन थंडीत पांढरंशुभ्र फुलतं. पोरीची आई रोज तिथे जाऊन बसते, पण त्याचं एक फूल कुणाला तोडू देत नाही.

"ते फूल म्हंजे न मरनारं प्रेम, असं लिहिलं मी."

रुखमाबाईचे हात थांबले.

"प्रेमगिम काही नाही. खाली कोन हाये, ते त्या मायले माहीत हाये."

प्रेमिला हसणार होती, पण आईनं मान वर केली नाही. काटोलच्या बागेत विहिरीजवळच्या एका झाडाची संत्री आई कुणाला तोडू देत नसे. देवाचं झाड, म्हणायची. थोरली बहीण गोपिका बाबांबरोबर त्याच बागेत राहायला गेली होती. प्रेमिला तेव्हा सात वर्षांची. पटकी झाली, तिथेच सगळं आटोपलं, असं बाबांनी येऊन सांगितलं होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात गोपिकाची कसली तरी पत्रं त्यांच्या हाती लागून घरात आकांत झाला होता.

"आई, ताईले खरंच पटकी झाली होती?"

"मी इचारलंच नाही. बारा वर्सं झाली, इचारलं नाही." रुखमाबाईनं सूप बाजूला सारलं. "तिची पिशवी म्याच भरून देल्ली होती."

प्रेमिलानं आपल्या भरलेल्या पिशवीकडे पाहिलं.

"ओमप्रकाश कोन हाये वं?" आईनं विचारलं.

दोन वर्षं हे नाव तिनं या घरात ओठांबाहेर येऊ दिलं नव्हतं.

"तुले कोनं सांगितलं?"

"तुह्या बाबानं."

रुखमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. तिनं समोरच्या दाराला आतून कडी घातली, मागचं दार सताड उघडलं आणि बाजूला सरून उभी राहिली.

"गल्लीतून सरळ ठेसनावर जाय," ती म्हणाली. "चार वाजून राहिले."