रविवारीच बंद पडणारा संगणक

वुकादिनच्या वहीत तीन रविवारांची नोंद होती: बाविसावे मिनिट, चोविसावे मिनिट, पुन्हा बाविसावे मिनिट. एकतीस वर्षे मालट्रक चालवलेल्या माणसाची प्रवास टिपून ठेवण्याची सवय सुटत नाही, आणि संगणकावरच्या खेळातला ट्रक हाही त्याच्या लेखी ट्रकच होता. त्या त्या मिनिटाला पडदा एकाएकी काळा झाला होता, टेबलाखालची संगणकाची पेटी मुकी झाली होती, आणि नॉर्वेत बसलेल्या ओग्नेनच्या पडद्यावरून त्याच्या बापाचा ट्रक भररस्त्यात नाहीसा झाला होता.

संगणक मूळचा ओग्नेनचाच. जहाजांच्या कारखान्यात नोकरी लागून तो तिकडे गेला, तेव्हा पिरोत गावातल्या घरात, आपल्या खोलीत, तो तसाच ठेवून गेला. सप्टेंबरात त्याने दूर बसूनच त्यावर हा खेळ घालून दिला. एकाच रस्त्यावरून दोघांना पुढेमागे ट्रक हाकता येत आणि कानाला लावलेल्या हेडफोनवरून बोलता येई. फोनवर बापलेकांचे बोलणे कधी हवापाण्यापलीकडे गेले नव्हते. टेबलाला बसवलेले खेळाचे चाक हाती असले की मात्र दोघांनाही शब्द सुचत. रविवारी दुपारी चारला निघायचे, हा नेम ठरून गेला.

तरीही खऱ्या विषयाला हात घालायला ओग्नेनला वीस मिनिटे लागत. विषय नॉर्वेत सिन्नेशी झालेल्या त्याच्या लग्नाचा होता. दोन वर्षांपूर्वी त्या लग्नाला ओग्नेनची आई देसांका एकटीच गेली आणि वुकादिनची कंबर धरली आहे, असे तिने सर्वांना सांगितले. नोव्हेंबरापासून ओग्नेनने तीनदा तो विषय काढला आणि तिन्ही वेळा यंत्र बंद पडले. तिसऱ्यांदा बंद पडल्यानंतर त्याचा निरोप आला: ‘बाबा, बोलायचं नसेल तर तसं सांग, वायर ओढू नकोस. या रविवारी शेवटचं येतो. पुन्हा अंधार झाला, तर मी विचारणार नाही आणि येणारही नाही.’

वुकादिनने वायर ओढली नव्हती. पण हे सिद्ध कसे करायचे? त्याने भिंतीतला सॉकेट बदलला. पेटी उघडून रंगाच्या ब्रशाने धूळ काढली. खेळ पुसून पुन्हा घातला. मंगळवारी सकाळी त्याने एकट्याने तासभर ट्रक चालवला. यंत्राने हूं की चूं केले नाही. गुरुवारी दीड तास चालवला, तोही मुद्दाम चढणीच्या रस्त्यांवरून. तरी काही नाही. बिघाड फक्त रविवारी होत होता, आणि रविवारीही फक्त मुलाने तो प्रश्न काढला की होत होता. यंत्राला वार कळत नाही आणि प्रश्न तर त्याहून कळत नाही, हे वुकादिनला पटत होते. पण मग उरत होता तो एकटाच. नकळत आपलाच पाय पेटीच्या बटणाला लागत असेल काय, या शंकेने त्याची झोप उडाली. त्याने बटणावर पुठ्ठा चिकटवला.

शुक्रवारी त्याने वरच्या मजल्यावरच्या झिवकोला बोलावले. हा झिवको चाळीस वर्षे दूरदर्शन संच दुरुस्त करीत आलेला, आणि कोणत्याही यंत्रापुढे बसण्याआधी कॉफी मागणारा. त्याने सगळे ऐकून घेतले, मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, अर्धा तास खेळ चालवून पाहिला आणि मान हलवली.

“शेजारी, पेटी ठणठणीत आहे. डॉक्टरची गरज तुलाच दिसते.”

“जास्त तापून बंद पडत असेल का?”

“जानेवारीत? तुझ्या या खोलीत माझी कॉफी दोन मिनिटांत गार झाली.” तरी जाताजाता त्याने पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा आणून ठेवला. आत किती अंश उष्णता आहे, ते तो आकडा दाखवी. अडुसष्ट होता. पंच्याण्णवच्या पुढे गेला, तर यंत्र जीव वाचवायला स्वतःच बंद होईल, पण तसे काही व्हायचे नाही, असे झिवकोने बजावले.

रविवारी चारला पाच मिनिटे असताना वुकादिन टेबलापाशी बसला. नेहमीप्रमाणे देसांका आपली खुर्ची घेऊन त्याच्या उजव्या हाताला, पेटीच्या अंगाला बसली. तिला हेडफोन नको असे. बाहेर लावलेल्या लहानशा स्पीकरमधून मुलाचा आवाज ऐकला की तिचे भागे. खिडकीच्या फटीत तिने गुंडाळलेला टॉवेल कोंबला होता आणि दाराखाली पायपुसणे सारले होते, कारण घरात वारा खेळला की माणसाचे सांधे कायमचे जातात, याविषयी तिच्या मनात तिळमात्र संशय नव्हता.

ओग्नेन आला. दोघे जर्मनीतल्या रस्त्याला लागले. दहा मिनिटे तिकडच्या हिमाविषयी आणि झिवकोच्या कॉफीविषयी बोलण्यात गेली. आकडा एकाहत्तर होता. बाराव्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर झाला. वुकादिनचे डोळे रस्त्यावरून कोपऱ्याकडे आणि कोपऱ्यातून रस्त्याकडे जाऊ लागले. घाटात इंजिनाच्या काट्यावर अशीच नजर ठेवून त्याने उभे आयुष्य काढले होते. परंतु तिथे काटा चढला, तर गाडी कडेला घेऊन बोनेट उघडता येई. इथे कडेला थांबणे म्हणजेच पळून जाणे होते. पंधरावे मिनिट: चौऱ्याऐंशी. सतरावे: अठ्ठ्याऐंशी.

“बाबा,” ओग्नेन म्हणाला, “मी निरोपात लिहिलं होतं ते वाचलंस ना?”

“वाचलं.”

“मग सांग. तुझी कंबर खरंच धरली होती?”

एक्क्याण्णव. “एक मिनिट थांब,” वुकादिन म्हणाला, आणि हे किती वाईट ऐकू गेले असेल, ते त्याला त्याच क्षणी कळले. वुकादिन टेबलाखाली वाकला.

देसांकाची जाड लोकरी शाल चौपदरी घडी करून पेटीच्या हवा सोडणाऱ्या जाळीवर नीट बसवलेली होती. जाळी पूर्ण झाकली गेली होती.

सगळी गणिते एका झटक्यात जुळली. मंगळवारी आणि गुरुवारी ही बाई बाजारात असे, शुक्रवारी स्वयंपाकघरात. रविवारी ती इथे बसे, जाळीतून सुटणारा झोत तिच्या गुडघ्यांवर येई, आणि ती तो बुजवी. विषय न निघालेल्या रविवारी बापलेक वीस मिनिटांच्या आतच थांबत, म्हणून तेव्हा यंत्र तगून जाई. पडदा काळा झाला की ती शाल उचलून खांद्यावर घेई आणि एक शब्द न बोलता कॉफी टाकायला निघून जाई. म्हणून वाकून पाहणाऱ्याला तिथे कधीच काही दिसले नव्हते.

वुकादिनचा हात शालीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आणखी दोन मिनिटे, फार तर तीन. मग यंत्र आपण होऊन बंद पडेल, आणि उद्या खरे कारण मुलाला पुराव्यानिशी कळवता येईल. प्रश्नाचे उत्तर तेवढे द्यावे लागणार नाही. त्याने मान वळवून वर पाहिले. देसांका त्याच्याकडेच पाहत होती. त्या दिवशी विमानतळावर तिने असेच पाहिले होते.

त्याने शाल ओढून काढली.

“अरे, गुडघ्यांना लागतो तो वारा,” ती कुजबुजली.

“गरम आहे तो.”

“गरम असला म्हणून काय झालं? वारा तो वारा.”

आकडा चौऱ्याण्णव होता. तो तसाच राहिला. मग त्र्याण्णव झाला. पेटीतला पंखा मोठ्याने घुमत होता.

“बाबा? आहेस का गेलास?”

“आहे.” वुकादिनने चाक घट्ट धरले. “कंबर दुखत नव्हती.”

पुढे ओग्नेनच्या ट्रकचा वेग मंदावला. मागचे लाल दिवे एकदा लागून विझले. “म्हणजे तुला सिन्ने पसंत नव्हती,” तो म्हणाला. “ती दोन वर्षं हेच म्हणते. मी तिच्याशी भांडतो.”

आपल्या खोटेपणाचा भार त्या मुलीवर पडत असेल, हे वुकादिनच्या मनातही आले नव्हते. “मी बेलग्रेडच्या विमानतळापर्यंत आलो होतो,” तो म्हणाला. “नवा कोट घालून. काचेतून विमान पाहिलं आणि माझे पाय उचलेनात. तुझी आई पुढे गेली. मी चार तास बाकावर बसलो आणि बसने घरी आलो. घाबरलो होतो, दुसरं काही नाही.”

“तू? बर्फात आल्प्सचा घाट उतरायचास तू.”

“तिथे चाक माझ्या हातात होतं.”

आकडा ब्याऐंशी होता, आणि वुकादिन आता त्याच्याकडे पाहत नव्हता. पलीकडून ओग्नेनने नाक ओढल्यासारखा आवाज आला. तो हसत होता की काय, ते सांगणे कठीण होते.

“हे तूच सिन्नेला सांगायचं,” तो शेवटी म्हणाला. “मी नाही सांगणार. समोर बसून सांगायचं.”

देसांकाने पाय खुर्चीवर घेऊन, झोतापासून दूर, शालीत गुंडाळले होते. कॉफी टाकायला ती उठली नव्हती. तिने वुकादिनला कोपराने ढोसले. “विचार त्याला, तिकडे जायला बोट कुठून मिळते.”

वुकादिनने विचारले.

“डेन्मार्कच्या टोकावरून,” ओग्नेन म्हणाला, आणि त्याच्या ट्रकचा डावा दिवा लुकलुकू लागला. “पुढच्या फाट्याला माझ्या मागून वळ. रस्ता दाखवतो.”