निळ्या जीपमधला लाल दिवा

मित्रांनो, हरभऱ्याच्या दाण्याएवढा लाल दिवा, एवढीच माझी ओळख. राहुरीच्या पुढे, मुळा धरणाच्या अंगाला एक वस्ती आहे. तिथल्या रंभाजीच्या जीपच्या डॅशबोर्डवर मी बसतो. माझ्यावर बॅटरीचं चित्र आहे. चावी फिरवली की मी लागावं आणि इंजिन सुरू झालं की विझावं, असा माझा धर्म. चालत्या गाडीत मी पेटलो तर समजायचं, बॅटरीला वीज नीट पोचत नाही. थोडक्यात, माझं काम चुगलीचं. चुगलखोर कुणाला आवडतो?

माझा जन्म कारखान्यातला, पण त्यातलं सांगण्यासारखं काही नाही. सगळे दिवे सारखेच जन्मतात. पुढे नशीब गाडीवर ठरतं, आणि मला गाडी चांगली मिळाली. चारही चाकांना जोर लागणारी ही जीप चिखलात, ओढ्यात, ढेकळांत कुठेही शिरायची. जिथे ट्रॅक्टर रुतून बसायचा तिथून रंभाजी आजारी माणसं, मजूर, खताच्या गोण्या घेऊन निवांत बाहेर पडायचा. त्या काळात मी बहुतेक वेळ विझलेलाच असायचो. कुणी माझं कौतुक केलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

जीपचा खरा थाट चौदा एप्रिलला. जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची प्रतिमा घेऊन सगळ्यांत पुढे हीच जीप असायची. त्यासाठी रंभाजी दरवर्षी तिला स्वतःच्या हातानं निळा रंग द्यायचा. हा माणूस कामात भारी काटेकोर. दुसरा कुणी असता तर वायरींवरून ब्रश फिरवून मोकळा झाला असता. रंभाजी मात्र एकेक नटबोल्ट सोडायचा, खालचा पत्राही रंगवायचा, रंग वाळला की पुन्हा सगळं आवळून बसवायचा. त्याची बायको भामाबाई म्हणायची, इतकं तर लग्नात आपल्याला कुणी नटवलं नव्हतं.

मग मी अवेळी पेटू लागलो. आधी मंद, मग लखलखीत. हेडलाइट लावले की शेजारचा ऑइलचा दिवाही मिणमिणायचा. रंभाजीनं एका मिस्त्रीला दाखवलं, त्यानं वीज तयार करणारा डायनामो उघडून पुन्हा बसवला. दुसऱ्यानं नवी बॅटरी घातली. तिसऱ्यानं तर मलाच उपटून काढलं, उजेडाला धरलं आणि धडधाकट म्हणून परत खोचलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो सगळा कारभार. शेवटी रंभाजी वैतागला. दिवाच खोटारडा आहे म्हणाला आणि त्यानं माझ्या तोंडावर काळी चिकटपट्टी लावली. चोर सोडून संन्याशाला सुळी. मला त्या दिवशी फार अपमान वाटला, हे लपवत नाही.

गेल्या वर्षीच्या मिरवणुकीत जीपवर दिव्यांच्या माळा होत्या, स्पीकर होता. मी वेशीपासूनच पट्टीखाली जीव तोडून पेटलेलो होतो, पण बघणार कोण? ऐन चौकात माळा विझल्या, स्पीकर मुका झाला, इंजिन बंद पडलं ते पुन्हा सुरू होईना. प्रतिमा उचलून दुसऱ्या गाडीत ठेवावी लागली. जीप ढकलत कडेला नेली तेव्हा रंभाजी आत बसून स्टिअरिंग धरून होता. त्यानं कुणाकडे पाहिलं नाही.

यंदा मार्च उजाडला तसा जयंती कमिटीचा सम्राट घरी आला. पोरगा मर्यादशील. त्यानं चहा घेतला आणि जमिनीकडे बघत सांगितलं, की यंदा पुढे भाड्याचा टेम्पो लावावा असं सगळ्यांचं म्हणणं आहे, काकांनी राग मानू नये. रंभाजी बरं म्हणाला. त्या रात्री तो जेवला नाही.

रविवारी त्याची मुलगी भारती माहेरी आली. ती नागापूरच्या एका कारखान्यात मशीनची वायरिंग जोडते. आईनं सगळं कानावर घातलं. भारतीनं माझ्या तोंडावरची पट्टी सोलली आणि जीप सुरू केली. मी पेटलेलोच होतो. तिनं सहज हॉर्न दाबला, तर मी आणखी लाल झालो. ती थबकली. तिनं पुन्हा दाबला. चार्जिंगच्या दिव्याचा हॉर्नशी संबंध काय? मित्रांनो, एवढ्या वर्षांत मला प्रश्न विचारणारं ते पहिलं माणूस.

वीज बॅटरीतून निघते तशी तिला परतही यावं लागतं, आणि जीपमध्ये सगळी वीज पत्र्यातून परत येते. हॉर्न, हेडलाइट, दिवे, सगळ्यांचंच बिनसलंय म्हणजे परतीची वाट अडली असणार, असं भारतीनं ताडलं. तिनं एक जाड वायर बॅटरीच्या परतीच्या टोकापासून थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावली. मी तत्क्षणी विझलो. मग तिनं बॅटरीची जी वायर बॉडीला आवळली होती तिचा बोल्ट सोडला. खाली रंगाचे थरावर थर होते, गुळगुळीत, चकचकीत, कुठे ओघळ नाही. रंगातून वीज जात नाही.

भारतीनं त्या थरांवरून बोट फिरवलं. मग तिनं पॉलिश पेपर घेऊन ती जागा घासली, लोखंड उघडं पाडलं, वायर पुन्हा आवळली. तेवढ्यात रंभाजी मागे येऊन उभा राहिला.

"काय हुतं गं?"

"गंज हुता, आबा."

रंभाजीनं तिच्या हातातला पॉलिश पेपर घेतला आणि उन्हात धरला.

"गंज निळा नसतो, पोरी," तो म्हणाला.

मग वाकून त्यानं तो बोल्ट पाहिला आणि म्हणाला, "म्हंजी मीच गळा दाबीत हुतो हिचा."

"मायेनंच केलं ना तुमी. आता तेवढी जागा मोकळी सोडा."

त्यानं चावी फिरवली. मी पेटलो, इंजिन सुरू झालं, मी विझलो. त्यानं हॉर्न दाबला, हेडलाइट लावले, तरी मी विझलेलाच. त्यानं बोटाला थुंकी लावून माझ्या काचेवर राहिलेला पट्टीचा चिकटा पुसून काढला. मग तो सम्राटला सांगायला पायीच गेला. सम्राटनं जीप धरणापर्यंत फिरवून आणली आणि टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवलं.

जयंतीआधी रंभाजीनं जीपला पुन्हा रंग दिला. फक्त त्या बोल्टभोवती रुपयाएवढी जागा उघडी ठेवली आणि तिथे ग्रीस लावलं. सबंध जीपमध्ये तेवढाच एक डाग आहे, आणि बघायला येणाऱ्याला रंभाजी आधी तोच दाखवतो.

मित्रांनो, गाडीतला असो की घरातला, लाल दिवा पेटला तर त्याचं तोंड बांधू नका. तो भांडायला आलेला नसतो. आधी विचारा, बाबा रे, काय झालं?

यंदा मिरवणुकीत माळा शेवटपर्यंत उजळत राहिल्या. चौक आला, गेला. बाहेर सगळी वस्ती प्रतिमेकडे बघत होती. आत रंभाजी मात्र सारखा माझ्याकडे बघत होता, आणि मी विझलेला होतो.