शेवटचा पाय मिस्त्रीचा

आमच्या गॅरेजला सासऱ्यांनी एक नियम घालून दिला होता. ब्रेकचं काम कुणीही करो, किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी शेवटचा पाय मिस्त्रीचा. मिस्त्रीने स्वतः बसून पेडल दाबायचं आणि ते टणक लागलं तरच गाडी बाहेर. सासरे गेले, गॅरेज ह्यांच्याकडे आलं, नियम तसाच राहिला.

बाकीचे पाय मात्र माझे. ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. लग्न होऊन आले त्याच वर्षी ह्यांनी मला सीटवर बसवलं. हे गाडीखाली, मी वर.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय हो."

मग हे चाकामागचा स्क्रू ढिला करत, तेल फुसफुसत बाहेर येई आणि पेडल माझ्या पायाखाली खचे. स्क्रू पुन्हा आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत.

"पाय उचललास तर माहेरी पाठवीन," हे खालून ओरडायचे.

"पाठवा की! दाबायला कोण येतंय तेही बघते."

आमचा निम्मा संसार असा एकमेकांचं तोंड न बघता झाला. ऑइलचा तो वास कपड्यांतून कधी गेला नाही. आज कुठे तसा वास आला की माझी पावलं आपोआप थांबतात.

त्या दिवशी लेक गाडी घेऊन आली. आल्या आल्या म्हणाली, "बाबा, उद्या पोरांना घेऊन घाट उतरायचाय. आणि सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभी राहिले की पेडल हळूहळू खाली जातं. पार तळाला."

ह्यांनी चारही चाकांमागे हात फिरवून बघितला. कुठे ओल नव्हती. टाकीतलं तेलही जिथल्या तिथे. "हवा शिरलीय, दुसरं काही नाही," म्हणाले. मी बसले. दाब, धर, सोड. चारही चाकं झाली. मग हे आत बसले, पेडल दाबलं आणि किल्ली लेकीपुढे धरली. "दगड झालाय. जा बिनधास्त."

लेकीने गाडी दारापर्यंत नेली आणि थांबली. खिडकीतून म्हणाली, "आई, तू बघ ना जरा."

मी बसून पाय ठेवला. जोर दिला नाही, नुसता ठेवून राहिले. आधी टणक लागलं. मग पेडल माझ्या पायाखालून खाली सरकायला लागलं. हवा असली की पेडल फुग्यासारखं मऊ लागतं, हे तसं नव्हतं. हे गुपचूप खाली चाललं होतं.

"अहो, बसतंय अजून. पेडलमागच्या मास्टर सिलिंडरचं रबर गेलं असणार. तेल आतल्या आतच पलीकडे जातंय, बाहेर थेंब कसा दिसेल?"

"तू आता मला ब्रेक शिकव. अगं, म्हातारपणी तुझा पायच जड झालाय."

"बरं, माझा जड. तुम्ही बसा आणि धरून ठेवा."

हे तणतणत बसले. मी दार उघडं ठेवून खाली वाकले. ह्यांचा बूट पेडलवर होता. तो खाली गेला, आणखी खाली गेला, चटईला टेकला. आणि वरून ह्यांचा आवाज आला, "बघ. दगडासारखं."

मी वर बघितलं. ह्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता.

"अहो," मी म्हटलं, "पाय तळाला टेकलाय."

हे खाली वाकले. बघत राहिले. पाय उचलून पुन्हा ठेवला, आणि या वेळी डोळ्यांनी बघत दाबला. लेक माझ्या मागे येऊन उभी होती.

साखरेचा आजार ह्यांना कैक वर्षं होता. पायाला मुंग्या येतात एवढंच सांगायचे. मी बूट काढला, मोजा काढला. मोजा चिकटला होता. तळव्यात एक बारका नट रुतून बसला होता, भोवती काळंनिळं. कधीपासून, ते ह्यांना सांगता येईना.

"दुखत नाही?" लेकीने विचारलं.

"कुठे काय?" असं म्हणून ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं ह्यांना कोण आठवलंय.

महिन्याभरापूर्वी बेकरीची व्हॅन आमच्याकडूनच ब्रेक करून गेली होती. त्याच आठवड्यात ती उतारावर भिंतीवर आदळली. ड्रायव्हर जागीच गेला. प्यायला असणार, असं लोक म्हणाले. हेही म्हणाले. त्याची बायको आमच्या दारात येऊन म्हणाली होती, "ते थेंबही घेत नव्हते हो." तेव्हा ह्यांनी तिला सांगितलं होतं, "बाई, शेवटचा पाय माझा होता."

पट्टी बांधून घेऊन ह्यांनी नवा मास्टर सिलिंडर बसवला. हात पहिल्यासारखेच सफाईदार होते. पुन्हा हवा काढली. दाब, धर, सोड. एरवीची थट्टा नाही. शेवटी हे सीटकडे गेलेच नाहीत. "तू बस," एवढंच म्हणाले. मी पाय ठेवला आणि ठेवून राहिले. पेडल हललं नाही. किल्ली मी दिली.

सकाळी लेकीचा फोन आला, सुखरूप पोचलो. मग हे चप्पल घालून निघाले. मी बरोबर गेले.

ड्रायव्हरच्या बायकोने दार अर्धंच उघडलं. हे म्हणाले, "तुझा नवरा प्यायला नव्हता, पोरी. व्हॅनचा ब्रेक बरा आहे असं मी म्हटलं, पण माझ्या पायाला काही कळतच नाही. मला ते ठाऊक नव्हतं."

तिने ह्यांच्या पायाच्या पट्टीकडे बघितलं. म्हणाली, "ते पीत नव्हते हे मला काय सांगता? लोकांना सांगा." आणि दार लावून घेतलं.

आधी आम्ही बेकरीत गेलो. तिथून टायरवाल्याकडे, मग पेट्रोल पंपावर. प्रत्येक ठिकाणी हे तेच बोलले, मी शेजारी उभी राहिले. वाटेत पट्टीतून रक्त झिरपायला लागलं. मी म्हटलं, "अहो, बसा जरा, पाय बघा." हे म्हणाले, "मला कुठे दुखतंय," आणि पुढच्या दुकानाची पायरी चढले.