बाळांचं ताट

मेघाच्या फोनमध्ये एक बदक होतं. जेवायला बसताना ती वीस मिनिटांची वेळ लावायची आणि वेळ भरली की ते क्वॅक क्वॅक ओरडायचं. आवाज दुर्वानं निवडलेला. सुरुवातीला ती सहा वर्षांची पोर समोर मांडी घालून आईचं चावणं मोजायची. "छब्बीस, सत्ताईस, मम्मी अभी मत निगलो," म्हणायची आणि खिदळायची. मग तिला कंटाळा आला. आता बदक ओरडायचं तेव्हा ऐकायला खोलीत एकटी मेघाच असायची.

ऑपरेशन चैत्रात नागपूरला झालं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. लिंबाएवढं पोट वेगळं करायचं, त्याला आतडं जोडायचं, बाकीचं पोट आत नुसतं पडून राहणार. मेघाचं वजन तेव्हा एकशे अठरा होतं, इन्शुलिन सुरू होतं, आणि जबलपूरच्या कांचघर भागातल्या क्वार्टरचे दोन जिने चढताना ती मधल्या पायरीवर उगाच पिशवीत काहीतरी शोधायला थांबायची. आता इन्शुलिन सुटलं होतं. जिना ती एका दमात चढायची. फायदा झाला नाही असं कोण म्हणेल? रोज सकाळी कंगव्यात केसांचा पुंजका यायचा आणि ब्लाउज तिसऱ्यांदा शिंप्याकडे गेले होते, पण ते सगळं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं.

एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. घरातल्या माणसांबरोबर जेवणं आता होणार नाही, हे.

भांडण वगैरे काही नव्हतं. नवरा, अंबरीश, भला माणूस. फॅक्टरीतून यायचा तो भुकेजून. दहा मिनिटांत चार पोळ्या आणि भात संपवायचा. तेवढ्या वेळात मेघाची अर्धी वाटी वरणातले चार घास व्हायचे. जेवताना पाणी प्यायचं नाही, बोलताना गिळायचं नाही, घाई केली तर छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखं व्हायचं आणि मोरीकडे धावावं लागायचं. बापलेक हात धुऊन टीव्हीपुढे बसायचे आणि ती ताटलीतल्या बोटभर पनीरकडे बघत चावत राहायची.

त्यात अंबरीशला तिची दया यायची, आणि ते जास्त अवघड होतं. दर रविवारी तो खव्याची जलेबी आणायचा, ते बंद झालं. "तुझ्यासमोर काहून खायची," म्हणाला. मेघानं मान डोलावली. मग एका रविवारी दुर्वाचा फ्रॉक धुवायला टाकताना तिच्या बोटांना काहीतरी चिकट लागलं. हुंगलं तर पाक. दोघं रस्त्यातच स्कूटरवर बसून खाऊन येत होते. मेघानं तो डाग नळाखाली धरला आणि चोळून काढला. तिला जलेबी नकोच होती. पुडा सोडताना तिघांची डोकी एकत्र यायची, ते तिला हवं होतं.

आणि भूक? ज्या भुकेनं तिला या गावात माणूस मिळवून दिलं होतं, तीच भूक ती नागपूरला ठेवून आली होती.

त्याची गोष्ट अशी. नऊ वर्षांपूर्वी ती पुलगावहून लग्न होऊन जबलपूरला आली. मराठी मंडळाच्या पंगतीत तिनं तिसरी पुरणपोळी घेतली तेव्हा आजूबाजूच्या बायकांनी एकमेकींना कोपर लावलं. ते तिला दिसलं, घास तोंडातच थांबला. तेवढ्यात गढा मोहल्ल्यातल्या भानुमतीकाकू तुपाचं भांडं घेऊन आल्या आणि चौथी पोळी तिच्या ताटात ठेवून म्हणाल्या, "लाजू नको माय. माझ्या हातचं असं मन लावून जेवणारं कोणी उरलं नाही." काकूंचा एक मुलगा पुण्याला, एक कॅनडात. घरी त्या आणि रेल्वेतून रिटायर झालेले विष्णुपंत, दोघंच. त्या वर्षापासून काकूंच्या महालक्ष्म्यांना ज्येष्ठेची सवाष्ण म्हणून मेघा बसायची. काकू पहाटेपासून उपाशी राहून सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे, पुरण असं सगळं रांधायच्या, आणि सवाष्ण तृप्त होऊन उठल्याशिवाय पाण्याखेरीज तोंडात काही घालायच्या नाहीत. मेघा जेवायची आणि काकू समोर बसून बघायच्या. वर्षातला तो एक दिवस मेघाला आपल्या अंगाची लाज वाटत नसे.

म्हणूनच तर तिनं काकूंना खरं सांगितलं नाही. पित्ताचे खडे काढले, म्हणाली.

भाद्रपद लागला तसे विष्णुपंत आवतण द्यायला आले. दोन जिने चढून धापा टाकत दारात उभे राहिले.

"आहेस का घरात? की उडून गेली वाऱ्यानं?"

"या काका. चहा टाकते."

"टाक. अन् साखर घाल बरं का भरपूर. घरी मिळून नाही राहिली."

"काहून?"

"तुझ्या काकूनं साखर सोडली ना. जेठ महिन्यापासून. ती फिका पिते, मग मला गोड प्यायची लाज वाटते."

मेघानं गॅस बारीक केला. "शुगर निघाली का काकूंना?"

"शुगर कुठली. नवस आहे." विष्णुपंत खुर्चीत टेकले आणि टोपी गुडघ्यावर ठेवली. "तुझ्यासाठी आहे बाई. तू अशी वाळून चालली. खडे काढल्यानं माणूस अर्धं होते का? तिला वाटते, काहीतरी मोठं दुखणं आहे अन् तू आमच्यापासून लपवून राहिली. विचारू नका म्हणते. महालक्ष्मीपुढे बोलली, माझी मेघा पहिल्यासारखी ताट पूर्ण करून उठली की मगच मी साखर तोंडात घालीन." ते हसले, पण डोळ्यांनी तिच्या मनगटाकडे बघत होते. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. "मी सांगितलं म्हणून सांगू नको तिला."

तेव्हाच सांगता आलं असतं. शब्द ओठांवर आले होते. पण चहा उतू गेला, ती पुसायला धावली, आणि फडकं पिळेपर्यंत विष्णुपंत फॅक्टरीतल्या बदल्यांवर बोलायला लागले होते.

रात्री तिनं अंबरीशला सांगितलं.

"फोन करून सांगून टाक ना," तो म्हणाला.

"काय सांगू? मला माझं खाणं आवरलं नाही म्हणून पोट कापून घेतलं?"

"असं कोण म्हणते?"

"सगळे म्हणतील."

"अच्छा, मग मी सांगतो."

"नको."

"चलो, मग थोडंसं खा, बाकीचं मी डब्यात घेतो."

"सवाष्णीचं ताट आहे, हॉटेल नाही," मेघा म्हणाली आणि कूस बदलून पडून राहिली. पाच दिवस होते हातात. रोज दुपारी ती फोन काढायची, काकूंचं नाव शोधायची आणि फोन न करताच बदकाची वेळ लावून जेवायला बसायची.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी अंबरीशची दुसरी पाळी होती. दुर्वाला घेऊन ती एकटीच गढ्याला गेली. काकूंच्या पुढच्या खोलीत दोघी महालक्ष्म्या उभ्या होत्या, वर फुलोरा टांगलेला, आणि पुढ्यात त्यांची दोन बाळं, कुंची घातलेली. बाळांपुढे पितळेची बशीएवढी दोन ताटं, त्यात चमचा चमचा सगळं वाढलेलं. काकूंच्या घरात लहान मूल नसल्यामुळे त्यातलं एक ताट दरवर्षी दुर्वाला मिळायचं.

काकूंनी मेघाचे पाय धुतले. धुताना त्यांचा हात घोट्यावर क्षणभर थांबला. "एवढासा झाला पाय," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या.

कनिष्ठेच्या पाटावर प्रणोती बसली. बँकेतली मुलगी, यंदाच बदलून आलेली. विष्णुपंतांनी उदबत्ती लावली. काकू वाढायला आल्या आणि मेघाच्या ताटात भाताची मूद, तिच्यावर वरण, सोळा भाज्यांची भाजी, वडे, पंचामृत, आंबील, आणि या सगळ्यावर ताटाबाहेर डोकावणारी पुरणपोळी. वर तुपाची धार. मेघाच्या मनात हिशोब झाला. आठ दिवसांचं जेवण होतं ते.

सवयीनं तिनं पर्समधल्या फोनवर वेळ लावली होती. पहिला घास वरणभाताचा. चावला, मोजला. दुसरा भाजीचा. काकू भिंतीला टेकून समोर बसल्या होत्या. तिसरा घास तिनं पुरणपोळीचा घेतला, कारण काकूंची नजर त्या पोळीवर होती. तूप आणि गूळ आत गेला आणि ऑपरेशननंतर गोडानं व्हायचं तसा थोड्या वेळात मानेवर घाम फुटला. छाती धडधडू लागली. प्रणोती बँकेतल्या कुठल्याशा साहेबाची गंमत सांगत भराभर जेवत होती. तिचं झालं, ती हात धुवायला उठली. मेघाचं ताट वाढलं होतं तसंच.

"जेव माय," काकू म्हणाल्या. "सावकाश जेव."

मेघानं भाताचा घास उचलला. काकूंनी हात जोडले होते आणि ओठ हलत होते. मेघाच्या ताटाकडून त्यांची नजर मुखवट्यांकडे जाई आणि परत ताटाकडे येई. तीन महिने फिका चहा प्यायलेलं ते सुरकुतलेलं तोंड बघून मेघानं घास खाली ठेवला.

"काकू, हे ताट माझ्यानं पूर्ण होणार नाही."

"होईल. घाई कोणाला आहे?"

"आज नाही अन् पुढच्या वर्षीही नाही. मला आजार नाही काकू. खडेही नव्हते. मी पोट छोटं करून घेतलं, वजनासाठी. आता एवढंच मावते." तिनं मूठ दाखवली. "तुम्हाला सांगायची लाज वाटली."

आणि नेमकं तेव्हाच पर्समध्ये बदक ओरडलं. क्वॅक, क्वॅक, क्वॅक. दुर्वा हसली, मग मोठ्यांचे चेहरे बघून गप्प झाली.

"हे काय?" काकू म्हणाल्या.

"वेळ संपली."

"कशाची?"

"जेवणाची. वीस मिनिटं लावते मी."

"बंद कर ते."

मेघानं बंद केलं. काकूंनी पदराचा काठ बोटाला गुंडाळला.

"म्हणजे तुला काही झालेलं नाही."

"नाही."

"अन् मी इकडे रात्र-रात्र..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "माझ्या वाढण्यानं झालं का गं ते? माझ्या तुपानं?"

"नाही काकू." मेघाला एकदम रडू आलं. "तुमच्याकडे वर्षातून एकदा जेवायची. बाकीचे दिवस हे पाळीवर असायचे, अन् मी एकटी बसून खायची. उगाच. भूक नसतानाही."

काकू गुडघ्यावर हात देऊन उठल्या. मेघाला वाटलं, आत चालल्या, आता दार लागेल. पण त्या महालक्ष्म्यांपुढे वाकल्या आणि बाळांपुढचं एक ताट उचलून वळल्या.

"दुर्वा, हे तुझं. यंदा आईला देऊ का?"

"ले लो," दुर्वा म्हणाली. "मुझे तो बड़ी वाली पूरणपोली चाहिए."

मोठं ताट काकूंनी दुर्वाकडे सरकवलं आणि ते बशीएवढं मेघापुढे ठेवलं. त्यातली पुरणपोळीची करंगळीएवढी घडी त्यांनी उचलली. "गोड चालते?"

"नखभर."

काकूंनी नखभर तोडून ठेवली, बाकीची दुर्वाच्या ताटात. "घाम पूस आधी. बरं वाटलं की जेव. अन् माझ्याशी बोलू नको. मला राग आलेला आहे."

त्या परत भिंतीला टेकून बसल्या. दुर्वा जेवली, उठली. प्रणोती ओटी घेऊन, नमस्कार करून गेली. बाहेर अंधारलं. मेघा चावत होती, आणि समोर पहाटेपासून उपाशी असलेली पंचाहत्तर वर्षांची बाई रागानं तोंड फिरवून बसली होती, पण जागची हलत नव्हती. एकदा मेघा म्हणाली, "काकू, तुम्ही जेवून घ्या." मग मेघा चावण्याचे आकडे विसरली. भाजीत अळूची खाज नव्हती, कढीला आल्याचा वास होता. चव लागत होती. किती महिन्यांनी.

शेवटी ताटाचं पितळ दिसलं. काकू पुढे वाकल्या, ताट नीट बघितलं आणि दरवर्षी विचारायच्या ते विचारलं.

"पोट भरलं का माय?"

"भरलं काकू."

"मग ऊठ. मला बसू दे. कंबर गेली माझी."

मेघानं त्यांचं पान वाढलं आणि समोर, त्याच भिंतीला टेकून बसली. स्वयंपाकघराच्या दारातून विष्णुपंतांनी चाचरत विचारलं, "नंतर चहा टाकतो. साखर...?"

काकूंनी घास तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला, आणि मेघाकडे न बघता म्हणाल्या, "अर्धा चमचा."